अक्षरं हाताशी आहेत, शब्द कुठे आहे?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे. फळ्यावर लिहिलेली इंग्रजी अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे मराठीत दिली आहेत. श्रोत्यांचे प्रश्न आणि उत्तरं शेवटी.)



फळ्यावर सहा अक्षरं लिहिली आहेत : ई, आय, एल, एन, एस, टी. ही सगळी, प्रत्येक एकदाच वापरून इंग्रजी शब्द करायचा. अर्धा मिनिट घ्या.

हां, मागून आवाज आला, ‘लिसन’. बरोबर. आणखी? ‘सायलेंट’. वा. गंमत बघा, ऐकणं आणि गप्प बसणं, दोन्ही एकाच सहा अक्षरांत. अजून दोन आहेत : ‘एनलिस्ट’ आणि ‘टिन्सेल’, म्हणजे सजावटीची चमकी. आता ‘लिसन’ हा शब्द इथे कुणाला येत नाही? सगळ्यांना येतो. तरी बऱ्याच जणांना तो सुचला नाही. म्हणजे शब्द डोक्यात होता, पण अक्षरांकडून त्याच्याकडे जाणारी वाट नव्हती.

आज मला मुख्यतः एवढंच सांगायचंय. दिलेल्या अक्षरांतून शब्द सापडणं हे आपल्याला शब्द किती येतात यापेक्षा ते कसे लावून ठेवलेत यावर जास्त अवलंबून असतं. आणि ही लावून ठेवायची पद्धत शिकता येते. ज्यांना वाटतं की ‘हे इंग्रजीवाल्यांचं काम, आपल्याला जमायचं नाही’, त्यांच्यासाठी खास करून हे व्याख्यान आहे.

शब्दकोश ही एकेरी वाट

शब्दकोश कशासाठी बनवलेला असतो? शब्द माहीत आहे, अर्थ हवाय, यासाठी. त्यामुळे तो पहिल्या अक्षरावर लावलेला असतो. पण तुम्हाला पहिलं अक्षरच माहीत नसेल तर? मग तो जाडजूड ग्रंथ जवळजवळ निरुपयोगी. टेलिफोन डिरेक्टरीत नावावरून नंबर मिळायचा, पण नंबरावरून नाव शोधायचं म्हटलं की सगळी पानं चाळावी लागायची, तसंच हे.

आता आकडे बघू. सहा वेगवेगळी अक्षरं ७२० प्रकारे मांडता येतात. सात घेतली तर ५,०४०. नऊ घेतली तर ३,६२,८८०. एक एक मांडणी करून ‘हा शब्द आहे का’ असं विचारत बसलो तर आयुष्य पुरायचं नाही. दुसऱ्या बाजूने गेलो, म्हणजे कोशातला एक एक शब्द घेऊन तपासला, तर? वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशातली शब्दांची यादी अनेक संगणकांवर जुन्या काळापासून असते, तिच्यात सुमारे २ लाख ३५ हजार शब्द आहेत. संगणक ते क्षणात चाळतो, माणूस नाही. मग माणसाने आणि हुशार संगणकाने काय करायचं? दोघांचं उत्तर आश्चर्यकारकरीत्या सारखं आहे. पण त्याआधी एक गोष्ट.

प्रश्न एक नाही, चार आहेत

‘या अक्षरांचे शब्द शोधा’ असं आपण म्हणतो, पण त्या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. स्वयंपाकघरातली उदाहरणं घेऊ.

पहिला : ओट्यावर जे काढलंय ते सगळं संपलं पाहिजे आणि बाहेरून काही आणायचं नाही. म्हणजे हीच अक्षरं, सगळी, नेमकी तेवढीच. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ हा तो प्रकार. इंग्रजीत याला अ‍ॅनाग्राम म्हणतात.

दुसरा : घरात आहे त्यातच भागवा, उरलं तर उरू दे. म्हणजे याच अक्षरांतून, पण सगळी वापरायलाच हवीत असं नाही. स्क्रॅबल खेळताना समोरच्या पट्टीवर सात सोंगट्या असतात, तेव्हा हा प्रश्न असतो.

तिसरा : पानात मीठ, लिंबू आणि चटणी हवीच, बाकी काय वाढायचं ते वाढा. म्हणजे ही अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, बाकीची कुठलीही चालतील.

चौथा : पंगतीत कोण कुठल्या पाटावर बसणार हे काही अंशी ठरलंय. तिसऱ्या जागी आर, शेवटी टी, मधली पानं रिकामी. शब्दकोडं हे असंच असतं.

बऱ्याचदा माणूस अडकतो तो इथेच. प्रश्न तिसरा असतो आणि तो पहिल्याची युक्ती लावत बसतो. म्हणून आधी विचारायचं : चारपैकी कुठला?

पहिला प्रश्न : अक्षरं ओळीने लावा

पहिल्या प्रश्नाची युक्ती इतकी सोपी आहे की सांगितल्यावर वाटतं, एवढंच? कुठलाही शब्द घ्या आणि त्याची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावा. ‘लिसन’ लावला की ई-आय-एल-एन-एस-टी मिळतं. ‘सायलेंट’ लावला, तेच. ‘टिन्सेल’ लावला, तेच. म्हणजे या चारही शब्दांची ‘सही’ एक आहे. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अशी सही काढून ठेवा आणि कोश सहीच्या क्रमाने पुन्हा लावा. आता अक्षरं कशीही विस्कटून आली तरी ती ओळीने लावायची आणि थेट त्या पानावर जायचं. ७२० मांडण्या तपासायची गरजच उरली नाही.

जॉन बेंटली या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या आपल्या लेखमालेत १९८० च्या दशकात ही युक्ती समजावली आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पिढ्यांनी ती तिथून उचलली. स्क्रॅबलचे पट्टीचे खेळाडू याच सहीला ‘अल्फाग्राम’ म्हणतात आणि शब्द पाठ करताना शब्दाऐवजी सहीपासून सुरुवात करतात. सही दिसली की शब्द आठवला पाहिजे, असा सराव.

पण ओळीने लावलेल्या अक्षरांचा सगळ्यात सुंदर किस्सा संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. रॉबर्ट हूक हा इंग्लंडचा शास्त्रज्ञ. स्प्रिंगचा नियम शाळेत शिकलात ना, तो याचा. १६७६ मध्ये त्याने एका पुस्तकात आपल्या शोधाचा उल्लेख केला, पण काय लिहिलं? सी, ई, तीन वेळा आय, एन, ओ, तीन वेळा एस, दोन वेळा टी, यू, व्ही. बस. चौदा अक्षरं, क्रमाने लावलेली, वाचायला काहीच अर्थ नाही. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने उलगडा केला : ‘उट टेन्सिओ, सिक विस’. लॅटिन वाक्य. जेवढं ताणाल तेवढा जोर.

असं का केलं? त्या काळात शोध आधी कुणी लावला यावरून शास्त्रज्ञांत मोठे तंटे व्हायचे. शोध जाहीर केला तर दुसरा कुणी तो पुढे नेऊन श्रेय घेणार, आणि गप्प बसलो तर आपण आधी होतो हे सिद्ध कसं करणार? मग ही तोड. वाक्याची सही छापून टाकायची. सहीवरून वाक्य ओळखणं फार कठीण, पण वाक्य सांगितल्यावर सही जुळते का हे शेंबडं पोरसुद्धा तपासू शकतं. कुलूप लावणं सोपं, किल्ली दाखवल्यावर पटणं सोपं, आणि किल्लीवाचून उघडणं मुश्कील. आज आपले पासवर्ड जपताना हाच एकेरीपणा वेगळ्या गणिताने साधलेला असतो.

दुसरा प्रश्न : घरात आहे त्यातच

स्क्रॅबलच्या पट्टीवर सात वेगवेगळी अक्षरं आहेत. एक, दोन, तीन अशी कितीही घेऊन मांडायची म्हटली तर एकूण १३,६९९ मांडण्या होतात. पण सहीची युक्ती आली की मांडणीचा प्रश्नच मिटतो. फक्त कुठली अक्षरं घेतली एवढंच महत्त्वाचं. प्रत्येक अक्षराला दोनच पर्याय : घ्या किंवा ठेवा. सात वेळा दोन म्हणजे १२८, त्यातून काहीच न घेण्याचा एक वजा. राहिले १२७. म्हणजे साडेतेरा हजारांचं काम सव्वाशे पानं उघडण्यावर आलं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चं ‘स्पेलिंग बी’ हे कोडं अनेकांच्या मोबाईलवर असेल. मधाच्या पोळ्यासारखी सात अक्षरं असतात, शब्द किमान चार अक्षरांचा हवा, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं. इथे मधल्या अक्षराचा पर्याय संपला, उरली सहा. सहा वेळा दोन, म्हणजे ६४. त्या दिवसाची सगळी उत्तरं या ६४ गटांतच कुठेतरी असतात.

इथे एक फरक लक्षात ठेवा. बी-ई-टी म्हणजे ‘बेट’, पैज. आणि बी-ई-ई-टी म्हणजे कोशिंबिरीतलं आपलं बीट. स्पेलिंग बीच्या हिशोबात दोन्हींची अक्षरं एकाच गटातली (तीन अक्षरी ‘बेट’ तिथे चालत नाही, तो भाग वेगळा), कारण ई कितीही वेळा घेता येतो. स्क्रॅबलमध्ये मात्र बीटसाठी ई-च्या दोन सोंगट्या हातात लागतात. एका खेळात अक्षर आहे की नाही हा प्रश्न, दुसऱ्यात अक्षर किती आहेत हा प्रश्न. नियमातला एवढासा फरक, पण शोधायची सगळी रीत बदलते.

तिसरा प्रश्न : चाळण्या

आता ‘ही अक्षरं असलीच पाहिजेत, बाकी काहीही’. समजा पाचही स्वर असलेला शब्द हवाय : ए, ई, आय, ओ, यू. इथे सही लावून काही होत नाही, कारण बाकीची अक्षरं माहीतच नाहीत. इथे चाळण्या लावायच्या. पहिल्या चाळणीत यू असलेले शब्द ठेवा. त्यातून ओ असलेले. त्यातून आय असलेले. असं करत पाच चाळण्यांतून जे खाली पडेल ते उत्तर. युनिक्स संगणकांवर १९७० च्या दशकात आलेली ‘ग्रेप’ नावाची छोटी आज्ञा नेमकी हेच करते आणि आजही लाखो लोक ती वापरतात.

यू आधी का? पाच स्वरांत कोशात सगळ्यात कमी शब्दांत येतो तो यू. दुर्मीळ अक्षराची चाळण आधी लावली की पुढे चाळायला माल कमी उरतो. संगणकाला याने फारसा फरक पडत नाही, पण माणसाला फार पडतो. अक्षरांत झेड, एक्स, जे किंवा क्यू दिसला की सुरुवात तिथून करायची. ई-पासून सुरुवात करणं म्हणजे जत्रेत ‘टोपीवाला माणूस पाहिलात का’ असं विचारणं.

आणि उत्तर? तुमच्या रोजच्या बोलण्यातच आहे : ‘एज्युकेशन’. पाचही स्वर, प्रत्येक एकदा. ‘इक्वेशन’मध्येही आहेत, तिथे तर शब्दच आठ अक्षरांचा. आणि ‘फसीशस’, म्हणजे थट्टेखोर, यात ते ए-ई-आय-ओ-यू अशा बरोबर क्रमाने येतात.

संगणकासाठी याची आणखी दोन रूपं आहेत, ती थोडक्यात सांगतो. एक म्हणजे सव्वीस बटणांची पाटी. शब्दात जे अक्षर आहे त्याचं बटण चालू. मग ‘माझी बटणं तुझ्यात चालू आहेत का’ हा एकच प्रश्न विचारायचा, आणि तो संगणक एका झटक्यात सोडवतो. पण बेट आणि बीट याला सारखेच दिसतात.

दुसरं रूप गणिताच्या शिक्षकांना आवडेल. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या : ए-ला २, बी-ला ३, सी-ला ५, असं करत ओ-ला ४७ आणि टी-ला ७१. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. ‘कॅट’ म्हणजे ५ गुणिले २ गुणिले ७१, ७१०. ‘अ‍ॅक्ट’ करून बघा, तेही ७१०. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच, म्हणून ही आपोआप सही झाली. आता ‘कोट’, सी-ओ-ए-टी, ३३,३७०. त्याला ७१० ने भाग जातो, बाकी शून्य. म्हणजे कोटमध्ये कॅटची सगळी अक्षरं आहेत. भागाकार केला आणि शब्द सापडला! अक्षर दोनदा आलं तर मूळ संख्या दोनदा गुणली जाते, त्यामुळे बेट-बीटचा घोळही मिटतो. फक्त लांब शब्दांचे गुणाकार राक्षसी होतात.

चौथा प्रश्न : जागा ठरलेल्या

शब्दाची सुरुवात माहीत असेल तर साधा कोश पुरतो. पण शेवट माहीत असेल तर? अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर या कोशकारांनी संगणक येण्याआधीच्या काळात यासाठी तीन लाखांहून जास्त कार्डं टाइप करून घेतली होती, प्रत्येकावर एक शब्द उलटा लिहिलेला! उलटे शब्द क्रमाने लावले की सारख्या शेवटाचे सगळे शब्द शेजारी शेजारी येतात. वेडेपणा वाटतो, पण पहिल्या अक्षराऐवजी शेवटचं अक्षर दार केलं, बाकी शब्द तेच.

संगणक यासाठी झाड वापरतो. खोडापासून पहिलं अक्षर, त्यातून फुटलेली फांदी दुसरं अक्षर. क्यू-च्या फांदीवर गेलात आणि तुमच्याकडे यू नसेल, तर ती जवळजवळ सगळी फांदीच सोडून द्यायची. एक एक शब्द तपासायचा नाही. १९८८ मध्ये अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी याच विचारावर स्क्रॅबल खेळणारा अतिशय वेगवान प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांनी सारख्या शेवटाच्या फांद्याही एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे जागाही वाचली.

२०२१ मध्ये लोकांसमोर आलेलं जॉश वॉर्डलचं ‘वर्डल’ हे या सगळ्याचं मिश्रण आहे. पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. हिरवं म्हणजे जागा ठरली. पिवळं म्हणजे अक्षर आहे, पण इथे नाही. करडं म्हणजे ते अक्षर विसरा. एका ओळीत चौथा, तिसरा आणि दुसरा असे तीन प्रश्न. मूळ खेळाच्या उत्तरांची यादी जेमतेम २,३०० शब्दांची होती. बघा, पाच चौकोनांत अक्षरं भरायच्या एक कोटीहून जास्त शक्यता, आणि खरी घरं दोन-तीन हजार.

कुठलं अक्षर किती चालतं?

आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार. १९३० च्या दशकातल्या महामंदीत काम गेलं आणि त्यांनी शब्दांचा खेळ बनवायला घेतला. कुठलं अक्षर किती लागेल हे ठरवायला ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजत बसले. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्या खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई बारा वेळा आहे आणि त्याला एकच गुण. क्यू आणि झेड एकेकच, त्यांना दहा-दहा गुण.

पण एक बारकावा आहे. वर्तमानपत्रात टी आणि एच खूप दिसतात, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’ हे शब्द ओळीओळीला येतात. कोशात मात्र ‘द’ एकदाच असतो. त्यामुळे शब्दांच्या यादीत एच बराच खाली घसरतो. चालू मजकुरातली वारंवारता वेगळी आणि कोशातली वेगळी. शब्द शोधताना कोशातली कामाची.

याला जोडूनच, यादी कुणाची हेही विचारायला हवं. एक्स आणि झेड दोन्ही असलेला शब्द सांगा म्हटलं तर अमेरिकन माणूस चटकन ‘मॅक्सिमाइझ’, ‘ऑक्सिडाइझ’ म्हणेल. आपल्याकडे बरेच जण त्यांच्या शेवटी झेडऐवजी एस लिहितात, मग त्या यादीतून हे शब्द गळतात. उत्तर अक्षरांवर ठरतं तसंच यादीवरही ठरतं.

माणसाने काय करायचं?

आता मुख्य गोष्ट. आपल्याजवळ कार्डं नाहीत, चाळण्या नाहीत, कागद आणि पेन्सिल आहे. नऊ अक्षरं देतो : ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. सगळी वापरायची. ३,६२,८८० मांडण्या.

इंग्रजी शब्द सुट्या अक्षरांचा नसतो, तो तुकड्यांचा असतो. पुढे जोडायचे तुकडे : री, अन, डिस, प्री. मागे जोडायचे : आय-एन-जी, ई-डी, ई-आर, एन-ई-डबल एस, आणि टी-आय-ओ-एन, म्हणजे आपलं ‘शन’. तर आधी ‘शन’ बाजूला काढा. उरली ए, सी, डी, ई, यू. पाच अक्षरं, १२० मांडण्या. थोडं हलवा : ई-डी-यू-सी-ए. जोडा. ‘एज्युकेशन’!

थांबू नका. आता ‘शन’बरोबर शेवटचा ई-डी पण वेगळा काढा. उरली फक्त ए, सी, यू. तीन अक्षरं, सहा मांडण्या. सहाच्या सहा लिहा. ए-यू-सी जोडला की ‘ऑक्शन्ड’, लिलाव झालेलं. सी-ए-यू जोडला की ‘कॉशन्ड’, सावध केलेलं. साडेतीन लाखांवरून सहावर आलो, आणि एकही नवा शब्द पाठ करावा लागला नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की मुलांना स्पेलिंग नुसतं घोकायला लावू नका, ते तोडायला शिकवा. ‘लिसन’मधला टी कानाला ऐकूच येत नाही. मराठी माणूस ऐकतो तसं लिहितो, आणि आपल्या लिपीत ते बहुतेक वेळा जमतं. इंग्रजीत जमत नाही, म्हणून ती भाषा डोळ्याने शिकावी लागते. अक्षरांशी खेळणं हा डोळ्याचा रियाज आहे.

पण याची मर्यादाही सांगायला हवी. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे इंग्रजी स्क्रॅबलचे अनेकदा जगज्जेते. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही जिंकलं, तीही भाषा न बोलता. याद्या पाठ केल्या, मांडणी मनात बसवली, जिंकले. याला असामान्य म्हणायचंच. पण त्यातून हेही कळतं की शब्द सापडणं आणि शब्द समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडणी तुम्हाला शब्दाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. आत जाऊन त्याच्याशी ओळख करायची तर तो वाक्यात वापरावा लागतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, मोबाईलवर अक्षरं टाकली की शब्दांची यादी येते. मग एवढा खटाटोप कशाला?*

जरूर वापरा. पण यंत्राला विचारतानाही चारपैकी प्रश्न कुठला हे तुम्हालाच ठरवावं लागतं, नाहीतर हजार शब्दांची यादी येते आणि हवा तो सापडत नाही. दुसरं, एक पथ्य पाळा. यंत्राने दिलेल्या यादीतला जो शब्द माहीत नाही, त्यातल्या एकाचा तरी अर्थ बघा. रोज एक. वर्षाचे तीनशे पासष्ट झाले.

*स्पर्धा परीक्षेत विस्कटलेल्या अक्षरांचे प्रश्न येतात. वेळ फार कमी असतो.*

तीन पायऱ्या. पहिली, ओळखीचा शेवट दिसतो का ते बघून बाजूला काढा. दुसरी, जोडीने फिरणारी अक्षरं एकत्र बांधा : क्यू-यू, सी-एच, टी-एच, सी-के. तिसरी, उरलेली अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा तीच चुकीची ओळ पुन्हा पुन्हा वाचतो; गोलात सुरुवात कुठली ते ठरलेलं नसतं, म्हणून डोळा मोकळा फिरतो.

*मराठीत असा खेळ का दिसत नाही?*

दिसतो, पण वेगळा. वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ झालं. हा अ‍ॅनाग्रामच आहे! पण काय हललं बघा. ‘रा’ अख्खा हलला, काना सोडून ‘र’ एकटा गेला नाही. आपलं अक्षर मात्रेसकट एक असतं. ‘मराठी’ म्हणजे म, रा, ठी, तीन अक्षरं, सहाच मांडण्या. इंग्रजीत स्वर सुटे असतात, कुठेही जाऊन बसतात, म्हणून तिथे उलथापालथीला वाव जास्त.

संगणकात मात्र गोची होते. तिथे युनिकोडमध्ये म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाच तुकडे साठवलेले असतात. इंग्रजीची सहीची युक्ती तशीच मराठीला लावली तर काना एकीकडे आणि र दुसरीकडे, असे अनाथ तुकडे मिळतात. आधी तुकड्यांची अक्षरं बांधायची आणि मग ती लावायची, असं केलं तरच मराठीचा खेळ नीट बनतो. इथे जे तरुण प्रोग्रामिंग करतात त्यांनी हे मनावर घ्यावं. मराठीत असे खेळ आणखी हवे आहेत.

जाता जाता घरचा अभ्यास : ए, सी, ई, आर, टी. पाचही वापरून रोजच्या वापरातले किमान चार शब्द होतात. प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे. शेवट वेगळा काढा, अक्षरं गोलात लिहा, आणि मोबाईल जरा लांब ठेवा.